लायडनचा बेत

नेदरलँड्सला जायचं म्हटलं की ओळखीची माणसं यादी हातात ठेवतात. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांतून बोटीने फिरा, झान्स स्खान्सच्या पवनचक्क्या बघा, खीथोर्नला होडीतून जा, वसंतात गेलात तर कॉयकेनहोफची ट्युलिपं चुकवू नका. यादी चांगलीच आहे, आणि देणाऱ्यांचा जीव त्यात असतो. तरी मी आणि माझ्या मैत्रिणीने ती बाजूला ठेवली. आम्ही एकाच शहरात मुक्काम करणार आहोत, आणि ते शहर आहे लायडन.

"तिथे आहे काय?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. बघायला गेलं तर शहर लहानसं. स्खिपोल विमानतळावरून रेल्वेने साधारण वीस मिनिटांत गाठता येतं, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास, जुना भाग सगळा पायी फिरण्याजोगा. जुनी राइन आणि नवी राइन असे दोन प्रवाह गावाच्या मधोमध मिळतात, आणि तिथेच एका मातीच्या टेकाडावर अकराव्या शतकापासूनचा गोल कोट उभा आहे. कोटावर चढलं की सगळं गाव नजरेत येतं म्हणतात. एवढ्याशा गावात मन लावून राहायचं, हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. दोघी निवृत्त झालो आहोत. धावत धावत दहा ठिकाणं उरकायची हौस आता नाही आणि पूर्वीही नव्हती.

ती कोल्हापूरची, मी गोव्याची. शिवाजी विद्यापीठात शिकताना हॉस्टेलवर एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. तिने आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, मी पणजीत ग्रंथालयात काम केलं. बेत आखायला बसलो तेव्हा तिने एक पद्धत काढली. "तुझं एक सांग, जे सोडता येणार नाही. मग मी माझं सांगते. ही दोन पक्की, बाकीचं सगळं तोडायला मोकळं." मला ही पद्धत मनापासून आवडली. सोबत्याला काय बघायचंय हे बहुतेक वेळा प्रवासात, दमल्यावर, कुठल्यातरी कोपऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं. आम्हाला ते निघायच्या आधीच कळलं.

माझं एक होतं विद्यापीठाची बाग. हॉर्टस बोटॅनिकस. स्थापना १५९० सालची.

"बाग बघायला एवढ्या लांब?" ती म्हणाली. "गोव्यात झाडं कमी पडली काय गं?"

मग मी तिला पणजीच्या बागेपासून सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे पणजीत चर्चजवळ म्युनिसिपल गार्डन आहे. तिचं नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं वैद्य म्हणून जाणंयेणं होतं, निजामशाही दरबारातल्या हकिमांशी तो औषधांवर वाद घालत असे. मुंबईचं बेट त्याने पोर्तुगिजांकडून भाड्याने घेतलं होतं, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं असं त्याने लिहून ठेवलंय. १५६३ मध्ये त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापखाना येऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षं झाली होती. पुस्तक संवादरूपात आहे. एक नवखा पाहुणा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. आलं, हिंग, चिंच, नारळ, आंबा, विड्याचं पान, आणि पटकीचा आजार. मधेच कोणीतरी दारात येतं, मोलकरीण फळ आणून देते, बोलणं भलतीकडे जातं आणि पुन्हा रोग्यावर येतं. ग्रंथालयात असताना या पुस्तकाने मला जितका आनंद दिला तितका फार थोड्या पुस्तकांनी दिला.

आता लायडनची गाठ. कारोलस क्लूसियस नावाचा वनस्पतींचा वेडा माणूस १५६४ मध्ये लिस्बनला गेला असताना हे पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्याने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये केला, आणि १५६७ मध्ये तो अँटवर्पला छापून निघाला. संवाद गेले, गप्पा गेल्या, वनस्पती राहिल्या. गोव्याच्या घरात बसून लिहिलेलं हे ज्ञान युरोपभर वाचलं गेलं ते या लॅटिन पुस्तकामुळे. ओर्ताच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, तो छुपा ज्यू असल्याचं ठरवून १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि गोव्यात जाळली. त्याचं पुस्तक मात्र जाळणाऱ्यांच्या हाताबाहेर कधीच गेलं होतं. पुढे तोच क्लूसियस, सत्तरीकडे झुकलेला, १५९३ मध्ये लायडनला बागेचा प्रमुख होऊन आला. त्याने आणलेल्या कंदांना १५९४ मध्ये ट्युलिपची फुलं आली, आणि ज्या फुलांसाठी जग आज हॉलंडला जातं त्यांच्या तिथल्या कहाणीत ही बाग पहिल्या पानावर आहे. त्या वर्षीची लागवडीची यादी अजून आहे. तिच्यावरून क्लूसियसची बाग पुन्हा रचलेली आहे, लहान लहान वाफ्यांची. मला त्या वाफ्यांपाशी उभं राहायचंय.

एवढंच असतं तरी मी गेले असते. पण दुसराही एक धागा आहे आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. सतराव्या शतकात कोचीनला डचांचा अंमल होता. तिथला गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारातल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करवला. 'हॉर्टस मलबारिकस', बारा खंड, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेले. या ग्रंथाचं मूळ ज्ञान इथल्या वैद्यांचं. त्यांत मुख्य इट्टी अच्युतन हा केरळी वैद्य, आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांचे पूर्वज गोव्यातून कोचीनला गेलेले सारस्वत. आपण ही माहिती कशी दिली हे सांगणारं या तिघांचं १६७५ चं पत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे, नागरी लिपीत. छापायला नागरी अक्षरांचे खिळे नव्हते, म्हणून हस्ताक्षराचाच ठसा कोरून घेतलेला. आणि त्या पहिल्या खंडावर टिपा कोणाच्या, तर लायडनचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आर्नोल्ड सायेन यांच्या. म्हणजे आपल्या माणसांनी कोचीनच्या दमट हवेत सांगितलेलं एकेक झाड या शहरातल्या माणसाने टेबलावर घेऊन वाचलंय, पडताळलंय, त्याच्यावर शंका काढल्या आहेत. पुढे केरळचे शास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं देऊन हा ग्रंथ इंग्रजीत आणला, तो २००३ मध्ये निघाला. व्हान रेडे १६९१ मध्ये सुरतेला जाताना मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर वारला. त्याची भव्य कबर सुरतेच्या डच दफनभूमीत आहे.

त्या नागरी पत्राच्या स्कॅन केलेल्या पानाचा मी प्रिंट काढलाय. अक्षरं पुसट आहेत, वाचायला कष्ट पडतात, तरी ओळ लागली की अंगावर काटा येतो. ते पान मी बरोबर नेणार आहे. का, ते मला मैत्रिणीला नीट सांगता आलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. "बाग पक्की," एवढंच म्हणाली.

मग तिचं एक. "मला गारठा बघायचाय."

लायडनच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाइके कामरलिंग ओनस यांनी १० जुलै १९०८ ला हेलियम द्रवरूप केला. उणे २६९ अंश सेल्सिअस. त्या दिवशी पृथ्वीवर त्याहून थंड जागा माणसाला ठाऊक नव्हती. पहाटेपासून रात्रीपर्यंत चाललेल्या त्या प्रयोगाचं वर्णन ती वर्गात दरवर्षी करत असे. हातात आलं किती, तर चहाच्या अर्ध्या कपाइतकं. पुढे १९११ मध्ये याच थंडीत पारा ठेवला तेव्हा त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. अतिवाहकता. आज इस्पितळात एमआरआय काढतात त्या यंत्रातल्या चुंबकापर्यंत ही वाट येते. हेलियम द्रवरूप करणारं ते मूळ यंत्र लायडनच्या बूरहावे संग्रहालयात ठेवलेलं आहे, आणि तेच तिला बघायचंय. "मुलांना फळ्यावर काढून दाखवलं इतकी वर्षं. एकदा खरं बघू दे की."

मी सहज म्हटलं, हेलियम म्हणजे आमच्या बाजूचाच की. विजयदुर्गाला साहेबाचे कट्टे आहेत, तिथेच सापडला ना? यावर तिने फोनवर मला छान तास घेतला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतावरून गेलं, गुंटूरजवळ फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन बसला होता, आणि त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ निरीक्षकांनी नोंदली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता. त्याने तिथूनच, ग्रहणाशिवाय, त्याच वर्षी ती रेघ अभ्यासली आणि ही नवी वस्तू आहे असं मांडलं. लॉकियर विजयदुर्गाला आला तो पुढे, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि त्याच्या दुर्बिणींची आठवण तिथे लोकांनी जपली आहे. दरम्यान १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. "कट्ट्याची खरी गोष्ट काही कमी मोठी नाही," ती म्हणाली. "ग्रहण बघायला माणूस एवढा समुद्र ओलांडून कोकणात येतो, हे पुरेसं आहे. तारीख तेवढी नीट सांगायची." हे तिचं मला फार पटतं. आपल्या गावाचा अभिमान खऱ्या तारखेवरही उभा राहतो.

तिच्या यादीत आणखी दोन गोष्टी आल्या. एक, बूरहावे संग्रहालयाच्या भिंतीवर रंगवलेलं आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं क्षेत्रसमीकरण. आइन्स्टाइन लायडनला पाहुणा प्राध्यापक होता, आणि तिथला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक पाउल एरेनफेस्ट याच्या घरी उतरायचा. विट रोझेनस्ट्राटवरच्या त्या घरात एका भिंतीवर पाहुण्या शास्त्रज्ञांच्या सह्या आहेत. आत जाता येणार नाही, ते खासगी घर आहे, पण रस्त्यावरून बघायला कोणाची हरकत असणार? दुसरी गोष्ट आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांची. बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला पाठवलेल्या लेखातून जे पुढे वाढलं, त्यातल्या आइन्स्टाइनच्या निबंधाचं मूळ हस्तलिखित २००५ मध्ये लायडनच्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत एका विद्यार्थ्याला सापडलं. ऐंशी वर्षं ते तिथेच कागदांत पडून होतं. ग्रंथालयात उमेदवारी केलेल्या माणसाला अशी बातमी किती सुख देते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिने ती मला मुद्दाम सांगितली.

नकाशा उघडला तेव्हा कळलं की तिचं आणि माझं एकाच कालव्याच्या काठावर आहे. रापेनबुर्ख नावाचा हा कालवा. त्याच्यावर विद्यापीठाची जुनी इमारत, तिच्या मागे बाग. तसंच पुढे चालत गेलं, काठाचं नाव बदलून स्टेनस्खूर झालं, की कामरलिंग ओनसची जुनी प्रयोगशाळा. आता तिथे कायद्याची विद्याशाखा भरते. प्रयोगशाळेला एवढी मोकळी जागा भरवस्तीत मिळाली कशी, याचीही गोष्ट आहे. १२ जानेवारी १८०७ ला या कालव्यात बांधून ठेवलेलं दारूगोळ्याचं जहाज फुटलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली, शेकडो घरं पडली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर पुढे एका बाजूला प्रयोगशाळा झाली आणि दुसऱ्या बाजूला एक वेगळं उद्यान. मी हे तिला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्या सुंदर काठावर बसून डबा खाताना हे ठाऊक असलेलं बरं."

इथवर सगळं जुळत आलं. अडलं ते महिन्यावर.

मला एप्रिल हवा होता. क्लूसियसच्या वाफ्यांत ट्युलिप फुललेली हवीत, त्याशिवाय काय बघायचं? तिला ऑक्टोबर हवा होता. ३ ऑक्टोबर. त्या दिवशी लायडनला सुट्टी असते, बाकीच्या देशाला नसते. १५७४ मध्ये त्या तारखेला स्पेनच्या फौजेचा वेढा उठला. वेढा मे महिन्यापासून घट्ट होता. गावात अन्न संपलं, प्लेग आला, आणि सुमारे एक तृतीयांश लोक मेले. स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम आणि त्याची माणसं फौज घेऊन सोडवायला येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी दक्षिणेकडचे बांध फोडले. समुद्राचं आणि नद्यांचं पाणी शेतांवर सोडलं, आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या होड्या गावाकडे काढल्या. पाणी पुरेना. होड्या चिखलात बसल्या. सप्टेंबरच्या शेवटी वादळ झालं, वारा फिरला, पाणी चढलं आणि स्पॅनिश सैनिक रात्रीतून निघून गेले. तटाबाहेरच्या रिकाम्या छावणीत एका अनाथ पोराला कंदांचं कालवण भरलेलं भांडं सापडलं, अशी कथा आहे. ते भांडं म्हणून दाखवतात ते लाकेनहाल संग्रहालयात आहे. होड्यांनी गावात हेरिंग मासे आणि पांढरा पाव आणला. आजही ३ ऑक्टोबरला सकाळी वाख या जुन्या वजनघरात गावकऱ्यांना हेरिंग आणि पाव वाटतात, आणि घरोघरी गाजर, कांदा, बटाट्याचं हुट्स्पॉट शिजतं. १५७४ च्या भांड्यात बटाटा नव्हता, तो त्यांच्याकडे रुळायचा होता.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. सणासाठी मैत्रीण एवढी अडून का बसली आहे ते कळत नव्हतं. मिरवणुका, जत्रा, रात्रीची आतषबाजी यांचं तिला कधीच अप्रूप नव्हतं.

तिचं माहेर शिरोळ तालुक्यात. पंचगंगा आणि कृष्णा मिळतात त्या टापूत. नृसिंहवाडीला पाणी चढून देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडतं, तेव्हा लोक तिथे स्नानाला गर्दी करतात. दक्षिणद्वार सोहळा. लहानपणी ती आईचा हात धरून त्या पाण्यात उभी राहिलेली आहे. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच नद्यांनी तिच्या भावाचं घर, गोठा, ऊस, सगळं कित्येक दिवस पाण्याखाली ठेवलं. २०२१ मध्ये पुन्हा. पाण्याला हात जोडणाऱ्या घरातलीच ही माणसं घरात गाळ भरलेला बघून भिंतीला टेकून बसलेली तिने पाहिलीत.

"मला ते गाव बघायचंय," ती म्हणाली, "जिथे पूर आला म्हणून लोक आनंद करतात. आणि मला एक विचारायचंय. ज्यांची शेतं बुडवली, ती कुठे राहायची? त्यांनी काय खाल्लं त्या हिवाळ्यात?"

मी खूप दिवसांनी एखाद्या प्रश्नापुढे अशी थांबले. वेढ्याच्या सगळ्या वर्णनांत नगराध्यक्ष आहे, नौदलाचा सेनापती आहे, भुकेल्यांना आपला हात कापून खा म्हणणाऱ्या त्याच नगराध्यक्षाची, व्हान डेर वेर्फची, दंतकथा आहे, भांडं सापडलेलं पोरगं आहे. बांध फुटला तेव्हा ज्यांच्या उंबऱ्यात पाणी आलं ती खेडी मात्र एका वाक्यात बुडून जातात. मुलूख गमावण्यापेक्षा बुडालेला परवडला, असं तेव्हा म्हणत असल्याचं सांगतात. हे म्हणायला किती सोपं आहे, शहराच्या तटावरून! खारं पाणी शेतात उभं राहिलं की पुढे काय होतं, हे गोव्यात खाडीकाठी बांध घालून खाजन शेती करणाऱ्या कोणालाही विचारा. आमचे बांध फुटले की भाताचं शेत पुन्हा गोडं व्हायला किती वाट पाहावी लागते, ते मी पाहिलं आहे.

आणि मग एक गोष्ट दिसली, जी त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेली नाही. विद्यापीठ लायडनला मिळालं ते या वेढ्याचं बक्षीस म्हणून. ८ फेब्रुवारी १५७५. करमाफी हवी की विद्यापीठ, असं विल्यमने विचारलं आणि लोकांनी विद्यापीठ मागितलं, ही लायडनकरांची आवडती आख्यायिका. विद्यापीठ आलं म्हणून १५९० मध्ये बाग आली. बाग आली म्हणून क्लूसियस आला, त्याच्यानंतर ऐंशीएक वर्षांनी सायेनसारखा माणूस आपल्या वैद्यांची झाडं वाचायला तिथे बसला. विद्यापीठ होतं म्हणून कामरलिंग ओनसची प्रयोगशाळा झाली. माझं एक आणि तिचं एक, दोन्ही त्या बुडवलेल्या शेतांवर उभी आहेत. मला हे समजल्यावर महिन्याचा वाद माझ्याकडून संपला. ट्युलिप मला कुठल्याही वसंतात दिसतील. ऑक्टोबरातही बागेत काचेची उष्ण घरं आहेत, आणि १६०१ मध्ये लावलेलं लॅबर्नमचं झाड अजून उभं आहे. क्लूसियसच्या हयातीतलं झाड मला पुरेसं आहे.

ऑक्टोबर ठरल्यावर बाकीचं भराभर लागत गेलं. ३ ऑक्टोबरला बरीचशी संग्रहालयं बंद असतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी पोचून बूरहावे आणि लाकेनहाल उरकायचं, सणाच्या दिवशी नुसतं लोकांत राहायचं, आणि गर्दी ओसरल्यावर बाग. ३ तारखेला रविवार आला तर सण सोमवारी करतात, हे तारखा ठरवताना बघून घ्यावं. गावातल्या राहण्याच्या जागा त्या आठवड्यात लवकर भरतात, त्यामुळे आम्ही शेजारच्या गावातही खोली शोधतोय. रेल्वे, बस, ट्राम सगळीकडे आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावलं की तिकीट होतं, हे तिच्या भाचीने सांगितलं. ती डेल्फ्टला शिकते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. निवृत्तांनी पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट आणि परतीचा बेत यांची फाइल आधीच नीट लावून ठेवावी. आम्ही दोघींनी एकच यादी करून एकमेकींचे कागद तपासले.

खाण्याची मला चिंता नाही. मी मासे खाते, कांदा भुरभुरलेलं हेरिंग मला आवडणारच. ती शाकाहारी. तिच्यासाठी लायडनचं स्वतःचं चीज आहे, आणि त्यात जिरं असतं! शेकडो वर्षांपासून त्या भागातले गवळी चीजमध्ये जिरं घालत आले आहेत. हे ऐकल्यावर ती इतकी खूश झाली की नव्या राइनच्या काठावरचा शनिवारचा बाजार बेतात कायमचा बसला.

काय काय तोडलं तेही सांगते. ॲम्स्टरडॅम पूर्ण तोडलं. रेम्ब्रांट लायडनचा, १६०६ चा जन्म, पण ज्या घरात जन्मला ते आता नाही, त्यामुळे त्या गल्लीचा फेरा तोडला. लाकेनहालमध्ये त्याची सुरुवातीची चित्रं दिसतील. भिंतींवरच्या कविता मात्र आम्ही दोघींनी एकमताने ठेवल्या. १९९२ पासून या गावाने घरांच्या बाहेरच्या भिंतींवर जगभरच्या कविता मूळ भाषेत, मूळ लिपीत रंगवायला सुरुवात केली. पहिली रशियन होती. आता शंभराहून जास्त आहेत, अरबी, चिनी, जपानी सगळ्या लिपींत. त्या शोधायच्या नाहीत, चालताना भेटतील तेवढ्या वाचायच्या.

एक गोष्ट तोडावी लागली नाही, ती आपणहून गेली. जावामधल्या सिंघसारीच्या तेराव्या शतकातल्या देवळातल्या मूर्ती, त्यांत दुर्गा आणि गणेश, वसाहतीच्या काळात उचलून नेलेल्या, लायडनच्या संग्रहालयात शतकभर होत्या. २०२३ मध्ये त्या इंडोनेशियाला परत द्यायचं ठरलं आणि त्या जकार्त्याला गेल्या. पूर्वीच्या प्रवासवर्णनांत या गणपतीचं दर्शन घेतल्याचं वाचलं होतं, म्हणून आमच्या पहिल्या यादीत तो होता. तो तिथे नाही याचं मला मनापासून बरं वाटलं. जकार्त्याला जायचा योग आला तर बघू.

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. बुडवलेल्या शेतांचा. लायडनला गावाचं आणि आसपासच्या टापूचं एक सार्वजनिक अभिलेखागार आहे, तिथे जुनी दप्तरं ठेवलेली आहेत. माझ्या नोकरीने मला एक शिकवलंय, की दप्तरखान्यात जायचं तर प्रश्न आधी नेमका लिहून पाठवावा. त्यामुळे तिथला माणूसही त्यात गुंततो. म्हणून आम्ही पत्र लिहितोय. १५७४ च्या उन्हाळ्यात कोणत्या गावांची जमीन पाण्याखाली गेली, ती पुन्हा पेरायला किती काळ लागला, त्या लोकांना काही भरपाई मिळाली का, त्यांचे अर्ज शिल्लक आहेत का, आणि आमच्यासारख्या डच न वाचता येणाऱ्या दोन बायकांना त्यातलं काही बघता येईल का. पहिला मसुदा तिने पाठवलाय. त्यात तिने शिरोळबद्दल एक परिच्छेद घातलाय आणि तो ठेवावा की नको असं मला विचारलंय. मी तो ठेवला आहे. फक्त नद्यांची नावं आणि वर्षं स्पष्ट करायला सांगितली, म्हणजे वाचणाऱ्याला नकाशा उघडता येईल. पत्र या आठवड्यात जाईल.